आया होते, पेशंट झाले

आमच्या वॉर्डात नवीन बाई दाखल झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिला सांगतंच, "हे सुभद्राबाई हाय ना, हिलेबी टीबी होता. पाह्य, आता कशी चालून राहिली." मग ती बाई मला हाक मारते आणि विचारते, तुम्ही बऱ्या कशा झाल्या. मी सुयांचं सांगते, गोळ्यांचं सांगते, दूध-अंडं सोडू नका म्हणते, पडून राहा म्हणते. पण बाकीचं जे आहे ते हातात बेडपॅन घेऊन उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून लिहून काढते आहे. मी सातवी पास आहे, अक्षर बरं आहे. ज्यांना नुसता धीर पाहिजे त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारावं. माझ्याजवळ तो थोडाच आहे.

*

अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मी आया होते. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. शिकलेली म्हणून मला वाटायचं, नर्सच्या शिक्षणाला घेतील. "पुढं पाहू," म्हणाले आणि आया म्हणून ठेवून घेतलं. रत्नाचे बाबा रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात कामाला होते. रत्ना, आमची एकुलती, दीड वर्षाची होती.

बायकांच्या वॉर्डाच्या शेवटी व्हरांडा ओलांडला की एक खोली होती. तिला सगळे मागची खोली म्हणत. तिथं सहा खाटा होत्या. ज्या म्हाताऱ्या बऱ्याही होत नाहीत आणि ज्यांना घरी न्यायलाही कोणी येत नाही, त्या तिथं असत. जुन्या आया तिथली पाळी नव्या बाईच्या गळ्यात घालत. माझ्याही गळ्यात तशीच पडली.

पहिला महिनाभर मला घरी जेवण जात नव्हतं. कितीही धुतले तरी हातांना वास येतो असं वाटायचं. शेतात निंदायला गेलं तर पात संपते, मागे वळून पाहिलं की आपण काय केलं ते दिसतं. इथं सकाळी एकेकीला पुसून, लुगडं बदलून, पाठीला पावडर लावून सहाव्या खाटेपाशी पोचावं, तोवर पहिली ओली झालेली असायची.

तिसऱ्या खाटेवर यमुनाबाई होत्या. वकिलाच्या घरच्या. उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं, शब्द घासून यायचे, पण जीभ तिखट होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि तेव्हापासून डोकं भादरलेलं. दवाखान्यात न्हावी कोण बोलावणार? पहिल्या वर्षी त्या रोज न्हावी मागायच्या म्हणे, मग मागायचं सोडलं. मी आले तेव्हा पांढरे केस मानेपर्यंत वाढले होते आणि त्यांना कोणी हात लावलेला खपत नव्हता.

पहिले आठ दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी कप तोंडाशी नेला की तोंड भिंतीकडं. नवव्या दिवशी घेतलं. लोक मला म्हणतात, पाहा, तुमच्या सेवेनं म्हातारीचं मन पालटलं. मी तसं कधी म्हणत नाही. अकोल्याचा उन्हाळा होता. त्यांना तहान लागली होती.

मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्या मला "सुभद्रे" म्हणायच्या आणि बहुतेक वेळा त्यानंतर काहीतरी लागट बोलायच्या. पण एक दिवस असं झालं की त्यांना कुशीवर वळवताना मी आधी गुडघा वाकवला, मग खांद्याखाली हात घातला, त्यांनी श्वास सोडेपर्यंत थांबले आणि मग वळवलं. एरवी वळवताना त्या डोळे घट्ट मिटायच्या. त्या दिवशी मिटले नाहीत. बस, एवढंच. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

त्यानंतर मला ते काम येऊ लागलं. कोणाला चहा बशीत ओतून लागतो, कोणाला उशी नको असते. काकूंचा डावा पाय पांघरुणाच्या बाहेर लागायचा, थंडीतसुद्धा. आत घेतला की जीव घुसमटतो म्हणायच्या. हे सगळं कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. आता खरं सांगायला काय हरकत आहे.

*

दुसऱ्या हिवाळ्यात मला खोकला लागला. कापसाच्या दिवसांत अकोल्यात कोण खोकत नाही? रत्नाचे बाबाही खोकायचे. पण माझा थांबेना. दिवस कलला की अंग तापायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी दवाखान्यात काम करणारी बाई, मला काय समजत नव्हतं? समजत होतं. म्हणूनच दोन महिने लपवलं. काम सुटेल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती नावाची होती. एकदा ते नाव लागलं की पुसत नाही. खोकला आला की मी व्हरांड्यात जायची, पदर तोंडात कोंबायची आणि परत येऊन काकूंना भरवायची.

एका सकाळी त्यांना उचलून बसवताना छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि खोकला आवरला नाही. चादरीवर लाल पडलं. मी घाईघाईनं चादर दुमडायला लागले. काकू पाहत होत्या.

"सुभद्रे," त्या म्हणाल्या, "हे रक्त माझं नाही."

त्याच दुपारी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडं धरला. मला त्यात फासळ्या दिसल्या आणि ढग दिसले. "दोन्हीकडं आहे," ते म्हणाले. "किती दिवस झाले खोकला?" मी पंधरा दिवस म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. "लेकरू आहे का?"

"हो. साडेतीन वर्षांची."

"आजपासून तिला जवळ घ्यायचं नाही."

मागच्या खोलीत मला परत जाऊ दिलं नाही. मेट्रनबाईंनी सहाही म्हाताऱ्यांची थुंकी तपासायला पाठवली. व्हरांड्याच्या त्या टोकाला दुसरी आया फिनेलनं फरशी पुसत होती, आणि मला कळत होतं की ती माझ्या पावलांवरून पुसत आहे.

घरी आले तर रत्ना दारातच खेळत होती. मला पाहून धावत आली. कोंबडी हाकलावी तसा मी हात केला. तिला वाटलं खेळ आहे. हसत हसत पुन्हा आली. मी पुन्हा हाकललं. तिसऱ्यांदा मी ओरडले, तेव्हा ती रस्त्यातच बसली आणि रडायला लागली. शेजारच्या बाईनं तिला उचललं. माझ्याकडं न पाहता उचललं.

ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांना मी या दिवसाबद्दल काहीही सांगू शकत नाही. यातून जायला सोपा रस्ता मला मिळाला नाही.

*

अमरावतीला गावाबाहेर क्षयरोग्यांचा दवाखाना होता. रत्नाचे बाबा मला रेल्वेनं घेऊन गेले. घरून पितळेचा तांब्या आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक मग घेतला होता. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा ते चहा घेऊन आले, माझा मगमध्ये ओतला. मी प्यायले. ते तो मग घेऊन नळावर गेले, विसळला, थोडा वेळ हातात धरून उभे राहिले आणि फलाटावरच्या बाकावर ठेवून गाडीत चढले. मी म्हणाले, "मग राहिला." ते म्हणाले, "राहू दे." तो घरचा मग होता.

ते वाईट माणूस नव्हते. पहिले चार महिने दर रविवारी आले. दारात उभे राहायचे, रत्नाचं सांगायचे. तिला दर्यापूरला त्यांच्या बहिणीकडं ठेवलं होतं. नंतर पंधरा दिवसांनी यायला लागले, नंतर महिन्यानं.

*

वॉर्डात तेवीस खाटा. सकाळी सुई. कुल्ले दगडासारखे झाले की सिस्टर दुसरी बाजू मागायची. मग मूठभर जाड गोळ्या, त्या पोटात गेल्या की दुपारपर्यंत मळमळ. दूध, अंडं. दुपारी एक ते चार पडून राहायचं, बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवर वळायचं तेही सावकाश. खाटेखाली झाकणाची थुंकदाणी. सुयांनी माझ्या कानात रातकिड्यासारखा आवाज सुरू झाला, तो अजून आहे.

भीती कशी असते ते सांगते. ती मरणाची फार वेळ नसते. अंगणात लोखंडी खाटेवर गादी उन्हात टाकलेली दिसली की आम्ही सगळ्याजणी डोकी मोजायचो. कोणाची गादी, ते कळेपर्यंत भीती. कळलं की थोडी सुटका वाटायची, आणि त्या सुटकेची लाज वाटायची. पहिल्या महिन्यात तीन गाद्या उन्हात पडल्या.

तिथली आया होती कौसल्या. चाळिशीची, अंगानं दणकट. हात झपझप चालायचा. म्हाताऱ्यांना वळवायची ते पोतं लोटावं तसं. पुसायची ते भांडं घासावं तसं. मी खाटेवरून पाहायची आणि मनात म्हणायची, हिला काम येत नाही.

तिसऱ्या महिन्यात बाजूची खाट रिकामी झाली, आणि एका सकाळी स्ट्रेचरवरून तिथं यमुनाबाईंना आणून ठेवलं.

मागच्या खोलीतल्या सहा जणींपैकी दोघींच्या थुंकीत निघालं होतं. एक आधीच गेली. दुसरी ही. गालांची हाडं वर आली होती. त्यांनी मला ओळखलं. "तू इथं आहेस होय," एवढंच म्हणाल्या, जसं काही मी मुद्दाम कामचुकारपणा करून इथं येऊन झोपले होते.

*

दोन खाटांत एका हाताचं अंतर. काकू ओल्या झाल्या की मला वासावरून कळायचं. त्यांना तहान लागली की ओठ कसे हलतात ते मला माहीत होतं. आणि मला उठायची मनाई. कौसल्या त्यांच्या पांघरुणाची कड गादीखाली खोचून जायची, डाव्या पायासकट. काकू पाय काढायला धडपडायच्या, निघायचा नाही.

"कौसल्याबाई, त्यांचा डावा पाय बाहेर ठेवत जा," मी एकदा म्हणाले.

"तेवीस बाया हाय इथं," ती म्हणाली. "कोनाचा डावा अन् कोनाचा उजवा, मले ध्यानात ठेवायले पगार नाही."

मनात एकच विचार पिंगा घालायचा. डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी विचारलं, "साहेब, कोणाचं कोणाला लागलं?" ते म्हणाले, ते सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसात जुना क्षय दबून असतो, पुन्हा उठतो. त्यांच्याकडून तुला आला असेल, तुझ्याकडून त्यांना गेला असेल. ते पुढच्या खाटेकडं गेले. त्यांना ते एवढंच होतं.

मला ते दोन महिने होते. मी लपवलेले दोन महिने.

शेवटी एका दुपारी, विश्रांतीच्या वेळी, मी हळूच म्हणाले, "काकू, हे माझ्यामुळं तर नाही झालं?"

त्या छताकडं पाहत होत्या.

"तुझ्याकडूनच आलं असेल," त्या म्हणाल्या. एकेक शब्द घासून येत होता. "दुसरं कोण येत होतं माझ्याजवळ?"

मी हे वाक्य किती वर्षं मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यांचा पुतण्या महिन्यातून एकदा यायचा, रुमाल नाकाला लावून दारातूनच विचारपूस करायचा. त्यांना मला दोष द्यायचा होता, की दुसरं काही म्हणायचं होतं? मी कधी विचारलं नाही. दोन्ही खरं असेल. मला दोन्ही सोसत नाही.

*

त्यानंतर आठेक दिवसांनी, अशाच दुपारी, त्या कण्हायला लागल्या. कौसल्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. "सुभद्रे," काकू म्हणाल्या. पाच-सहा वेळा म्हणाल्या. मी उठले. गुडघा वाकवला, खांद्याखाली हात घातला, त्यांच्या श्वासाची वाट पाहिली. वळवलं. पाठ पाहिली तर माकडहाडापाशी कातडी सोलून लाल झाली होती. माझ्या हातात होत्या तेव्हा ती पाठ धड होती. खालचं ओलं मेणकापड ओढून काढलं, आणि तेवढ्यात माझ्या घशात गरम भरून आलं.

या वेळी थेंब नव्हते. कौसल्या धावत आली तेव्हा मी फरशीवर बसलेली आणि समोर सगळं लाल. तिनं मला एका हातानं धरलं, डोकं खाली केलं, दुसऱ्या हातानं पाठ थोपटत राहिली. तो हात कडक होता, पण नेमका होता. मला तेव्हा कळलं, हिला काम येतं.

दोन दिवस मला हलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माझं तोंड पुसताना ती बोलली.

"तुले वाटते तूच एक दयेची आली. मीबी पयल्या वर्षी तशीच होती. एका बुढीले माय म्हणे मी. रोज तिच्या डोक्शाले तेल लावून देत होती. मेली. मंग दुसरी. तेबी मेली. पाचवीले मी नावबी इचारलं नाही. तुह्या खोलीत सहा होत्या. इथं तेवीस हाय, अन् मी एकटी. कोनाले माय म्हणू?"

फडकं पिळून ती म्हणाली, "उठू नको आता. मरशीन. तुह्यी पोरगी हाय ना."

त्या संध्याकाळी तिनं काकूंना पांघरूण घातलं. डावा पाय बाहेर होता. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

*

यमुनाबाई त्यानंतर तीन आठवडे होत्या. सुया त्यांना पचल्या नाहीत, अन्न आधीच सुटलं होतं. गेल्या त्या भर दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, सगळ्या बाया झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या असताना. मी त्यांचा श्वास मोजत होते. एक आला, आणि मग पुढचा आला नाही. मला हात लांब करून त्यांचा हात धरता आला असता. मी धरला नाही. पुन्हा रक्त येईल म्हणून धरला नाही. हे लिहायला मला फार जड गेलं, पण लिहिते, कारण आजारी माणूस असा होतो. स्वतःचा श्वास सोडून त्याला काही दिसत नाही.

पुतण्याला निरोप गेला. अकोल्याहून यायला त्याला वेळ लागणार होता. कौसल्या पाण्याची बादली घेऊन आली, पडदा लावला. पण माझ्या बाजूनं पडदा अर्धाच होता. तिनं काकूंना पुसलं, सावकाश. लुगडं बदललं. मग कनवटीची फणी काढली आणि ते पांढरे केस विंचरायला लागली. केस सरळ बसेनात. पंचेचाळीस-पन्नास वर्षं त्या डोक्यानं फणी पाहिली नव्हती. ती भांग पाडायला पाही, केस पुन्हा आडवे पडत. ती पुन्हा पाणी लावी.

"कौसल्याबाई," मी म्हणाले, "आता काहून?"

ती हात न थांबवता म्हणाली, "जित्तेपणी टाइम भेटला नाही."

मी भिंतीकडं तोंड केलं. जिवंतपणी काकूंनी त्या केसांना कोणालाच हात लावू दिला नव्हता. मेल्यावर त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. कौसल्यानं केलं ते बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. पण एवढा वेळ देऊन तिनं त्या वॉर्डात दुसरं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांची गादी उन्हाच्या शेवटच्या तिरिपीत पडली होती. त्या दिवशी मला डोकी मोजावी लागली नाहीत.

*

चौदा महिन्यांनी मला सोडलं. थुंकीत काही नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. मी तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि आधी दर्यापूरची बस धरली.

नणंदबाईंनी मला ओसरीवर पाट दिला, पाण्याचा पेला पाटाशेजारी जमिनीवर ठेवला. त्यांची दोन मुलं दारातून डोकावत होती. त्यांच्या मागे रत्ना होती. उंच झाली होती. केसांना लाल रिबिनी.

"जा, भेट," नणंदबाई म्हणाल्या.

ती दोन पावलं आली आणि थांबली. मुलं मला मामी म्हणत, कारण मी त्यांच्या मामाची बायको. ती वर्षभर त्यांच्यातच राहिली होती.

"मामी," रत्ना म्हणाली, "तुमी बऱ्या झाल्या?"

मी हो म्हणाले. तिला जवळ घेतलं नाही. घेता आलं असतं, कागद होता माझ्याजवळ. पण माझेच हात उठले नाहीत. चौदा महिने मी त्यांना न उठायचं शिकवलं होतं. नणंदबाईंना ती आई म्हणत होती, आणि नणंदबाई तिला माझ्यादेखत दुरुस्त करत नव्हत्या. मी त्यांना दोष देत नाही. तिला ताप आला तेव्हा त्या जागल्या होत्या.

अकोल्याला घरी रत्नाच्या बाबांनी माझं अंथरूण ओसरीवर टाकलं. ताट वेगळं. मी कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवला. ते म्हणाले, "हाओ, पण लोक." मी माझ्या जुन्या दवाखान्यात कामावर गेले तर वॉर्डात घेता येणार नाही असं सांगितलं. मागच्या खोलीकडं मी व्हरांड्याच्या टोकावरून पाहिलं. तिसऱ्या खाटेवर कोणीतरी दुसरी होती.

महिनाभर मी त्या ओसरीवर बसून काढला. त्या महिन्यात मला पहिल्यांदा वाटलं की बरं होऊन आपण काय मिळवलं? आजारात निदान एक ठरलेलं होतं, सुई कधी, दूध कधी. ज्यांना सुटी मिळणार आहे त्यांना मी हे सांगून ठेवते. छाती बरी होते. तुमची जागा मात्र तोवर कोणीतरी सारवून टाकलेली असते.

*

कौसल्यानंच मला निरोप पाठवला. एका सुटी झालेल्या बाईकडून. "इथं जागा हाय म्हणा. इथं कोनी येत नाही, म्हणून जागा असतेच." मी रत्नाच्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "जाय," आणि त्यांच्या आवाजात जी सुटका होती ती त्यांनाही ऐकू आली असावी, कारण ते लगेच उठून बाहेर गेले.

तेव्हापासून मी याच वॉर्डात आया आहे. अमरावतीत एक खोली घेऊन एकटी राहते. रत्ना दर्यापूरलाच असते. म्हाताऱ्यांची रांग माझ्याकडं आहे. लोक म्हणतात, पुण्याचं काम करता. मी पुण्य मानत नाही. काकूंचं ऋण फेडते असंही नाही. ते फिटणारं असतं तर आतापर्यंत फिटलं असतं. त्यांना आजार कोणी दिला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. कधीकधी वाटतं, मी इथं एवढ्यासाठीच आहे की इथं मला कोणी लांब हो म्हणत नाही. माझ्या हातचं सगळ्या खातात, कारण त्यांच्या हातचंही कोणी खात नाही.

आणि कधीतरी एखादीला वळवताना तिचे डोळे मिटत नाहीत. अजूनही ते मला दिसतं. त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. त्यानं दिवस निघतो, एवढं खरं. रोज निघत नाही.

कौसल्या आता थकली आहे. तिचे गुडघे गेले. तिच्यासारखीच मीही झपझप काम करते, आणि नव्या बाया मला कडक म्हणतात.

गेल्या दिवाळीत नणंदबाई रत्नाला घेऊन आल्या. ती आठ वर्षांची झाली आहे. लेकरांना आत सोडत नाहीत, म्हणून ती खिडकीच्या गजांपाशी बाहेर उभी राहिली. मी एका म्हातारीला पेज भरवत होते. वाटी ठेवून बाहेर धावावंसं वाटलं, पण म्हातारीनं तोंड उघडून ठेवलं होतं.

"मामी, हे तुमची कोन होय?"

"कोनी नाही."

"मंग तुमी तिले काहून भरवता?"

मी चमचा तिच्या तोंडात दिला, ओठ पुसले. "तिचा हात वर होत नाही, म्हणून."

रत्नानं कपाळ गजाला टेकवलं. म्हातारीकडं पाहिलं. "अन् हे मेल्यावर?"

"मंग दुसरी येईन."

मी वाटी संपवली, हात साबणानं दोनदा धुतले आणि बाहेर आले, तोवर दर्यापूरच्या बसची वेळ झाली म्हणून नणंदबाई तिला घेऊन फाटकापाशी पोचल्या होत्या. मी हात वर केला. रत्नानं पाहिलं की नाही ते कळलं नाही. आत शेवटच्या खाटेवरची बाई पॅन मागत होती. मी आत गेले.